वाडग्याच्या बुडाला आपलंच नाव

माणूस गेला की त्या घरच्या बाईला चुलीपाशी उभं राहू द्यायचं नाही, हे शॅड लँडिंग गावात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. ड्वाइट हेड्रिक झोपेतच गेला, आणि ऑर्फाच्या ओट्यावर भांड्यांची दाटी झाली. तळलेली कोंबडी आली, मक्याचं गोड पुडिंग आलं, भरलेली अंडी तर तीन घरांतून आली. भांडी मागाहून परत करायची असतात, म्हणून प्रत्येक बाईनं बुडाला पांढरी चिकटपट्टी लावून वर आपलं आडनाव लिहिलेलं. बुधवारी सकाळी ऑर्फा एकेक भांडं उचलायची, बुड बघायची, खाली ठेवायची. दुसऱ्या कशाला हात वळत नव्हते. ट्यू. स्प्रुइल. जर्निगन. पुन्हा ट्यू.

खिडकीच्या कडेला एक निळ्या काठाचा वाडगा होता. तो कधी आला, कुणी ठेवला, कुणी पाहिलं नव्हतं. तिनं झाकण उचललं आणि आंबट वासानं तिच्या डोळ्यांत पाणीच आणलं.

लाल स्लॉ. बारीक चिरलेला कोबी, त्यावर व्हिनेगर, टोमॅटो केचप, काळी मिरी, लाल तिखट. तिच्या माहेरचा, सासरचा, सगळ्या लेक्सिंग्टनचा स्लॉ. तिथं भाजलेल्या डुकराच्या खांद्याचं मांस पावात घालून त्यावर हा लाल स्लॉ चमचाभर पडला नाही, तर माणूस पाव परत करतो. आणि इथं समुद्राकडच्या गावात, सकाळी निघालेली गाडी दुपारच्या जेवणाला पोचेल एवढ्याच अंतरावर, लोक कोबीत मेयोनीज कालवतात, वरून साखर घालतात आणि त्याला स्लॉ म्हणतात. इथं आल्यापासून ऑर्फानं त्या पांढऱ्या लगद्याला तोंड लावलं नव्हतं. लाल स्लॉ काय असतो, हे इथं ठाऊक असलेलं माणूस तिला भेटलं नव्हतं.

मग हा आला कुठून?

तिनं वाडगा दोन्ही हातांनी वर धरला आणि बुड बघितलं. पट्टीवर जाड, गोल अक्षरात लिहिलं होतं : हेड्रिक.

वाडगा तिचा नव्हता. अक्षर तिचं नव्हतं. तिच्या लेकीचंही नव्हतं, कारण टॅमराचं सासरचं आडनाव वेगळं. लेक्सिंग्टनला एक दगड उचलला तर खालून चार हेड्रिक निघतील, पण या गावात हेड्रिकांचं घर एकच, आणि त्या घरात ती आत्ता उभी होती.

"आई, कोर्नेगेंचा फोन होता," टॅमरा दारातून म्हणाली. कोर्नेगे म्हणजे गावातले अंत्यविधीचं बघणारे गृहस्थ. "आज संध्याकाळपर्यंत सांगायला हवं म्हणाले. इथं की तिकडं."

"सांगते."

"बाबा किती वेळा म्हणालेत, मला इथंच बरं आहे म्हणून. तू ऐकलंयस. मी ऐकलंय. मग तिकडं न्यायचा हट्ट कुणाचा, त्यांचा की तुझा?"

टॅमरा वाईट मनानं बोलत नव्हती. तिची मुलं इथली, तिला बाप जवळच्या मातीत हवा होता. आणि ड्वाइट तसं म्हणायचा हे खरंच होतं. फर्निचरचा कारखाना बंद पडला, नदीकाठच्या बोटी बांधायच्या कारखान्यात काम मिळालं, म्हणून ती दोघं इकडं आली. पहिल्या वर्षी ऑर्फा उशीत तोंड घालून रडायची. ड्वाइट म्हणायचा, "गाव गाव काय घेऊन बसलीस? कोबी इथंही मिळतो." ती लेक्सिंग्टनला जाऊन आली आणि येताना स्लॉचा डबा घेऊन आली, तर त्यानं त्याला हात लावला नाही. "खा तू. मला आता त्याची सवय राहिली नाही." तेव्हापासून तिनं डबा आणणं सोडलं. पुढं रडणंही सोडलं. पण त्याच्या आईवडिलांच्या शेजारी, लेक्सिंग्टनला चर्चमागच्या उतारावरच्या दफनभूमीत, त्याची नि तिची जागा आहे, एवढं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. शेवटी तरी घरी जाऊ. त्याचंही मन आतून तेच म्हणत असेल, असं तिला वाटायचं. वाटायचंच फक्त, पुरावा काही नव्हता.

आणि आता हा वाडगा.

"हा कुणी आणला गं?"

टॅमरानं वाकून पाहिलं. "मला नाही माहीत. मागच्या दारी होता, मी आत आणला. आई, तू थोडं काही खा ना."

मागच्या दारी. पुढच्या दारानं यायला ज्याला तोंड नसतं ते मागच्या दारी ठेवून जातं.

ऑर्फानं झाकण लावलं, पण वास घरात शिरला तो शिरलाच. आणि तो वास तिच्या ओळखीचा होता. लेक्सिंग्टनमुळे नव्हे, बुधवारमुळे. ड्वाइट दर बुधवारी जेवणाच्या वेळी घराबाहेर असायचा. निवृत्त झाल्यावरही. "कारखान्यात हत्यारांचा गंज काढायला जातो," म्हणायचा. "पोरांना पटाशीची कदर नाही." घरी यायचा तो अंगाला आंबट वास घेऊन. "व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची पटाशी, गंज आपोआप सुटतो." सुतार माणूस, खरंच असेल. ऑर्फा त्याचे सदरे धुवायची, बाहीवरचा तांबूस डाग घासायची आणि म्हणायची, हा गंज काही निघत नाही बाई.

गंज. तिला आता हसू आलं नाही.

थोड्या वेळानं शेजारची इडेलिया ट्यू आली. इडेलिया म्हणजे गावाची खिडकी. तिच्यातून सगळं दिसायचं. ऑर्फानं वाडगा मुद्दाम टेबलाच्या मधोमध ठेवला होता.

"अगं बाई," इडेलिया म्हणाली, "हा तर लव्हीचा निळा वाडगा."

"कोण लव्ही?"

"लव्ही गर्गेनस. धक्क्याजवळची खानावळ तिची. तू कधी गेली नाहीस का तिथं?" इडेलियानं झाकण उचललं, वास घेतला नि तिचा चेहरा मऊ झाला. "आठवणीनं पाठवला बघ. बुधवारी लव्हीकडं हेड्रिक असायचाच. कधी चुकलं नाही."

"असायचाच," ऑर्फा म्हणाली.

"सगळं गाव जाणतं की."

"सगळं गाव."

इडेलियाला वाटलं, बाईला हुंदका येतोय, म्हणून तिनं ऑर्फाच्या पाठीवर हात ठेवला. ऑर्फाची पाठ पाटासारखी ताठ झाली होती. सगळं गाव जाणतं. भरलेली अंडी घेऊन आलेल्या तिन्ही बायका जाणतात. जर्निगनबाईनं गळ्यात पडून "फार भला माणूस हो" म्हटलं, तीही जाणून म्हणाली. आणि त्या लव्हीनं आपल्या भांड्याखाली लिहावं हेड्रिक! नवऱ्याचं नाव लावावं तसं. माणूस अजून जमिनीत गेला नाही तोवर खूण पाठवून दिली : मीही आहे.

म्हणून त्याला इथं बरं होतं तर. म्हणून माझ्या डब्याला हात लावला नाही. घरचा स्लॉ त्याला घराबाहेर मिळत होता.

तिनं अंगावर काळा कोट चढवला, वाडगा उचलला आणि टॅमराला म्हणाली, "भांडं परत करून येते."

"आत्ता? आणि भरलेलंच?"

"रिकामं भांडं परत करायचं नसतं, एवढं तुला शिकवलंय मी."

धक्क्याजवळची खानावळ बैठी होती, जाळीच्या दाराची. ऑर्फा कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसली आणि वाडगा मांडीवर घेऊन त्यावर कोटाची कड ओढली. तिला इथं कुणी ओळखत नव्हतं. चर्च वेगळं, वाट वेगळी. पांढऱ्या स्लॉच्या भीतीनं ती गावात कधी बाहेर जेवलीच नव्हती.

आतल्या स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज येत होता. टक टक टक, टक टक टक. कोबी किसणीवर किसत नव्हतं कुणी, हातानं चिरत होतं. लेक्सिंग्टनची पद्धत. ऑर्फानं कान दिले. सुरीच्या ठेक्यावर एक बाई पुटपुटत होती :

*चीर कोबी चीर, थोडा धर धीर,*
*आंबट आधी, गोड मागून, तिखटाला उशीर.*

ऑर्फानं मांडीवरचा वाडगा घट्ट धरला. हे बोल तिच्या सासूचे होते. लेक्सिंग्टनमध्येही दुसऱ्या कुणाच्या घरात हे कुणी म्हणत नव्हतं. सासू म्हणायची, मग ऑर्फा म्हणायची, आणि लग्नाच्या नव्या दिवसांत ड्वाइट मागं उभा राहून तिची वेणी हलवून ठेका द्यायचा. ते बोल तिनं इथं आल्यावर कधी म्हटले नव्हते. जे तिच्या ओठांवरून उतरलं, ते या बाईच्या ओठांवर जाऊन बसलं होतं.

जाळीचं दार वाजलं. एक उंच म्हातारा कोळी आत आला, टोपी मागं सारून गल्ल्यापाशी उभा राहिला आणि दर बुधवारच्या सवयीनं ओरडला, "लव्ही, हेड्रिक आहे का?"

सुरी थांबली. आतून आवाज आला, तोही सवयीचाच, "हेड्रिक संपला."

काटेचमचे थांबले. म्हाताऱ्याचा हात हळूच टोपीकडं गेला आणि त्यानं ती काढून छातीशी धरली. "मी... माझ्या तोंडातून निघून गेलं," तो खाली बघत म्हणाला.

"माझ्याही," आतला आवाज म्हणाला. मग, "बैस, लेस्टर. नवा करतेय."

नवा करतेय. ऑर्फा उठली. भर दुपारी, दहा लोकांदेखत, कुणाला लाज नाही, लज्जा नाही. नवा करतेय! ती टेबलांमधून सरळ चालत गेली, झुलता अर्धा दरवाजा खांद्यानं ढकलला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

कोबीच्या ढिगापाशी एक ठेंगणी बाई होती. ऑर्फाच्याच वयाची, हातावर भाजल्याचे जुने डाग, नाकावर चष्मा घसरलेला. सुंदर नव्हती. त्यानं ऑर्फाला बरं वाटलं नाही, उलट जास्तच झोंबलं. रूपाचा मोह असता तर समजून घेता आलं असतं.

ऑर्फानं वाडगा फळीवर ठेवला. मग झाकण हातानं घट्ट दाबून तो उलटा केला आणि बुड तिच्यासमोर धरलं.

"हे नाव माझं आहे. तुमच्या भांड्याखाली काय करतंय?"

लव्हीनं चष्मा वर केला. पट्टीकडं पाहिलं, ऑर्फाकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला. "तुम्ही ऑर्फा."

"हो. घरची ऑर्फा. बाहेरची कोण ते बघायला आले."

"देवा रे," लव्ही हळूच म्हणाली. "अहो बाई, ते नाव भांड्याचं नाही. आतल्या मालाचं आहे."

"म्हणजे?"

लव्ही मागं वळली आणि मोठ्या फ्रिजचं दार तिनं सताड उघडलं. आत फळ्यांवर डबे नि वाडगे लागले होते आणि प्रत्येकावर तसलीच पट्टी, तेच जाड गोल अक्षर. चवळी. मटण रस्सा. पांढरा स्लॉ. केळ्याचं पुडिंग. मधली एक जागा रिकामी होती.

"तुम्ही बायका घरी नाव लिहिता, भांडं कुणाचं ते कळायला. मी खानावळवाली. मी लिहिते, आत काय आहे ते कळायला. लाल स्लॉ म्हटलं की इथले लोक नाक मुरडायचे. मग कुणीतरी म्हणालं, ते हेड्रिक खातो ते दे जरा. पुढं नुसतं हेड्रिक दे. आता बुधवारी अर्धं गाव हेड्रिक मागतं. आज सकाळी होता तेवढा सगळा तुमच्या घरी ठेवून आले, म्हणून संपला."

ऑर्फाला खुर्ची लागली. तिनं ती स्वतःच ओढली. अजून या बाईच्या हातून काही घ्यायची तयारी नव्हती. इडेलियाचं वाक्य तिनं मनात फिरवून पाहिलं. बुधवारी लव्हीकडं हेड्रिक असायचाच. ते दोन्हीकडून बसत होतं. संशय असा एका पट्टीवर पुसला जात नाही.

"मागच्या दारी का ठेवलात?"

"पुढं पाहुण्यांच्या गाड्यांची रांग होती. आणि मला तुमच्यासमोर यायचं धाडस नव्हतं."

"का? काही नव्हतं तर धाडस कशाला लागतं?"

लव्ही पहिल्यांदा थोडी हसली. "बाई, माझे दोन नवरे झाले, पुरुष कशासाठी घरात शिरतो ते मला कळतं. ड्वाइट यायचा तो त्या मागच्या पायरीवर बसायचा. तोंड पश्चिमेला, तुमच्या लेक्सिंग्टनकडं. थाळी गुडघ्यावर. तो खात असताना मी बोलले तर त्याला आवडायचं नाही. असला कसला यार असतो?"

"ते कोबीचे बोल?"

"ते म्हटल्याशिवाय बारीक चिरता येत नाही म्हणाला. मी म्हटलं, हे तुझ्या आईचं वेड मला लावू नकोस. लावलंच."

बाहेर लेस्टर खोकला. कुणीतरी हळू आवाजात पाणी मागितलं. ऑर्फानं वाडग्याच्या झाकणावर बोट ठेवलं आणि ज्यासाठी खरं म्हणजे ती इतक्या तरातरा चालत आली होती, ते विचारलं.

"माझ्या घरी त्याला हे चालत नव्हतं. मी इतक्या लांबून डबा आणला, शिवला नाही. तुमच्याकडं येऊन खायचा. मला का नाही सांगितलं?"

लव्हीनं हात पुसले. शब्द निवडत होती की बनवत होती, ऑर्फा टक लावून बघत राहिली.

"मी हेच विचारलं होतं त्याला. म्हणाला, मला गावाची आठवण येते हे ऑर्फाला कळलं, तर ती रात्रीतून सामान बांधेल. तिकडं कारखान्याला कुलूप, मी तिला काय घालू? म्हणून मला इथं बरं आहे म्हणतो. निदान एकानं तरी बरं असल्याचं दाखवावं."

"आणि निवृत्त झाल्यावर? तेव्हा कसली अडचण होती?"

"तेही विचारलं. म्हणाला, आता सांगितलं तर ती विचारेल, इतकी वर्षं का नाही सांगितलंस. आणि ते मला सांगता येणार नाही."

ऑर्फानं मान खाली घातली. हे मात्र लव्हीला बनवता आलं नसतं. हे ड्वाइटच होतं, डोक्यापासून पायापर्यंत. तुटलेला कप फडताळात मागं लपवून वर्षभर तिला तो शोधू लागणारा ड्वाइट.

"एक सांगाल का मला?" लव्ही म्हणाली. आता तिच्या आवाजात तक्रार होती, जुनी, मुरलेली. "दर बुधवारी मी त्याला पहिला घास द्यायचे. तो चावायचा, डोळे मिटायचा आणि एकच म्हणायचा. जवळ आलंय, पोचलं नाही. मी मिरी बदलली. व्हिनेगर बदललं. साखर कमी केली, वाढवली. तरी तेच. जवळ आलंय, पोचलं नाही. काय कमी पडायचं ह्यात? तुम्ही तिकडच्या. खरं सांगा."

तिनं काटा पुढं केला. ऑर्फानं तो घेतला.

वाडग्यात कोबीला पाणी सुटलं होतं, लालसर, वर मिरीचे ठिपके तरंगणारं. ऑर्फानं थोडंसं घेतलं आणि जिभेवर ठेवलं, चूक शोधायला. चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. एवढी एक गोष्ट तरी तिच्याकडं उरली असती. आधी आंबट आलं, गालांच्या आत ओढ लागली. मग गोड, नुसतं दारातून डोकावून गेल्यासारखं. मग, गिळून झाल्यावर, उशिरानं तिखट. तिनं दुसरा घास घेतला. तिसरा. कोबी तेवढाच बारीक, तेवढाच करकरीत. तिच्या सासूनं चिरून ठेवावा, फडकं झाकावं आणि अंगणात हाक मारावी, तसा.

तिनं काटा खाली ठेवला.

"ह्यात काही कमी नाही," ती म्हणाली.

"खोटं बोलू नका."

"मी स्लॉबद्दल खोटं बोलत नाही. काहीच कमी नाही. माझ्या हातचा याहून बरा नव्हता."

"मग तो पोचलं नाही म्हणायचा, ते..." लव्ही थांबली. ती मागच्या पायरीकडं बघत राहिली, जिथून पश्चिमेकडं पाइनची रांग आणि तिच्यामागं नुसतं आकाश दिसत होतं. तिच्या चष्म्यावर वाफ आली. ऑर्फाही तिकडंच बघत होती. दोघींपैकी कुणीच ते वाक्य पुरं केलं नाही.

"तुमचा फोन कुठंय?" ऑर्फानं विचारलं.

तो भिंतीवर होता, जुना, तारेचा. तिनं नंबर फिरवला. पलीकडून कोर्नेगे हळू, मखमली आवाजात सांत्वनाचं काही बोलू लागले, ते तिनं मध्येच तोडलं.

"ऑर्फा हेड्रिक बोलतेय. लेक्सिंग्टनला न्यायचंय. हो. नक्की. त्याचे आईबाप आहेत तिथं." थोडं थांबून ती म्हणाली, "टॅमराला मी समजावते. तिला एक गोष्ट खायला घालायचीय, मग तिला कळेल."

फोन ठेवून ती वळली तेव्हा लव्ही वाडग्याखालच्या पट्टीचं टोक नखानं उचकटत होती.

"ते कशाला काढता?"

"तुमचं नाव आहे. मला आता बरं वाटणार नाही लिहायला."

ऑर्फानं वाडगा तिच्या हातून घेतला आणि उचकटलेलं टोक अंगठ्यानं पुन्हा चिकटवलं, दाबून, दोनदा. "नाव राहू दे इथं. माणूस तेवढा मी घेऊन जाते. बाहेर तो लेस्टर टोपी धरून बसलाय, त्याला वाढा आधी."

"तुम्हाला वाटेत खायला बांधून देऊ थोडा?"

ऑर्फानं तिच्याकडं संशयानं पाहिलं, या खेपेला नुसतं सवयीनं. "लेक्सिंग्टनला बाहेरगावचा स्लॉ घेऊन जाऊ? लोक मला वेशीवरून परत पाठवतील."

मग तिनं झाकणावर हात ठेवला, आणि काढला नाही.

"छोटा डबा असेल तर द्या," ती म्हणाली. "आणि वर नाव लिहू नका. मला ठाऊक आहे आत काय आहे ते."